ढोके सरांनी परत दिलेला कागद

ढोके सरांच्या कागदपत्रांतून एक कागद त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त मांडलेल्या प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी नाहीसा झाला, आणि तो त्यांच्या अडचणीचा असल्यामुळेच नाहीसा केला गेला, असे अमरावतीत बोलले जात आहे. एकाने तर ते माझ्या तोंडावरच म्हटले. तो कागद मी काढला. सर तेव्हा घरी होते आणि त्यांना विचारायलाही मी थांबले नाही. गौरवग्रंथात लिहिणे माझ्या स्वभावात बसत नाही, तसे मी संपादकांना कळवलेही होते. पण पंचाहत्तरीच्या वर्षी प्रा. पुंडलिकराव ढोके यांच्या नावावर हा ठपका राहणे मला पटत नाही, म्हणून लिहिते आहे.

सरांना पाहिले होते अमरावतीच्या विधी महाविद्यालयात, पहिल्या वर्षाच्या वर्गात. ओळख मात्र झाली पातूरला, आमच्या ओसरीवर. वडिलांनी मला शिक्षण थांबवून घरी बोलावून घेतले होते. वर्गात एक मुलगी दिसेनाशी झाली म्हणून सर बसने पातूरला आले. वडिलांनी त्यांना सरळच विचारले, "पोरगी कोर्टात जाऊन काय करन, मास्तर?"

सर चहा संपवून म्हणाले, "ते मले नाही माहीत. पण वर्गात थे मले दोनदा अडवते. उद्या जजले अडवन."

वडील हसले, आणि आमच्याकडे ते हसले की काम झाले असे समजत. पुढे अकोल्यात माझी सगळी वकिली झाली. त्या चहाचा उल्लेख सरांनी कधी केला नाही.

सर दिवाणी प्रक्रिया शिकवत, पण खरे शिकवणे रविवारी चाले. ते आम्हाला गावोगाव घेऊन जात आणि लोकांचे जबाब लिहायला लावत. त्यांची रीत पक्की होती. जबाब लिहून झाला की तो सांगणाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवायचा. तो "बरोबर" म्हणाला, तरच सही किंवा अंगठा. मग सर स्वतः कागदाच्या डोक्यावर 'ठेव' असे लिहीत आणि खाली सांगणाऱ्याचे नाव. कागद आपल्या कपाटात असला तरी आपला नाही, असा त्याचा अर्थ. कागद आपला, शाई आपली, मेहनत आपली, मग ठेव त्याची कशी, असे एका वर्गमित्राने विचारले होते. सर म्हणाले, "आणि ज्याच्यावर गुदरलं ते कोणाचं?"

राजकारणातही ते असेच होते. निवडणूक दोनदा लढले आणि दोनदा पडले. त्या पत्रकांचे, भाषणांच्या टिपणांचे गठ्ठे त्यांनी जपून ठेवले आणि त्यांवर स्वतःच्या अक्षरात 'पराभव' असे लिहिले. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, पाहुण्यांना ती खोली दाखवून म्हणत, "यांचे विजय एका पाकिटात मावले. ही खोली लागली ती बाकीच्यांना." आंदोलनात तुरुंगात गेले तेव्हा सरांनी तिथल्या कैद्यांचे अर्ज लिहून दिले. त्यांत एक कैदी असा होता, ज्याने निवडणुकीत सरांची सभा उधळली होती. त्याच्या जामिनाच्या अर्जाची नक्कल मी स्वतः लावून ठेवली आहे.

आता त्या कागदाविषयी. वऱ्हाडातल्या एका गावी बाजारात भाजी विकणाऱ्या बायांना त्यांच्या जागेवरून उठवले गेले. सरांनी त्यांचा दावा चालवला. सगळा भार एका बाईंच्या जबाबावर होता, आणि तो जबाब त्यांच्याच घरातल्या एका माणसाविरुद्ध जात होता. सुनावणीच्या तोंडावर त्या अमरावतीला आल्या आणि तो कागद दाखवू नका म्हणाल्या. त्या दाव्यापुरते त्यांच्या हाताखाली आलेले आम्ही वकील सरांशी भांडलो. सही आहे, वापरता येतो, असे आमचे म्हणणे. सरांनी कागद पाकिटात घातला. खालच्या कोर्टात आम्ही दावा हरलो. पुढे मोर्चे झाले, धरणे झाले, सर आत गेले, तेव्हा कुठे बायांना ओटे परत मिळाले. तोवर त्या रस्त्याकडेला उन्हात बसल्या. ही झळ तुम्हाला नाही, त्यांना बसली, असे मी सरांना तेव्हा ऐकवले होते. ते म्हणाले, "खरं आहे."

अमरावतीच्या एका ग्रंथालयाने संग्रह मागितला तेव्हा सरांनी एकच अट घातली: ज्यांची ठेव, त्यांना आधी विचारायचे. हिवाळाभर मी गाडी चालवली आणि सर शेजारी दुखरा गुडघा धरून बसले. हिवरखेडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "पंचाहत्तरी तुमची, मंग सही माही कावून पायजे?" समजल्यावर म्हणाला, "ठेवा तिथं. माह्या नातवाले दाखवजा." नांदगाव पेठेतल्या एका कापड कामगाराने, मी निवृत्त झाल्यावरच उघडा, असे सांगितले. त्याचे पाकीट सीलबंद केले.

भाजीवाल्या बाई तेवढ्या भेटल्या नाहीत. त्या लेकीकडे गेल्या होत्या. त्यांचे पाकीट वेगळे बांधून ठेवले होते. प्रदर्शन मांडणाऱ्या कार्यकर्त्यांनी ते सोडले आणि जबाब आवडला म्हणून मधल्या काचेच्या पेटीत लावला. हेतू चांगला होता. मी पाहिले, किल्ली मागितली आणि सगळ्यांदेखत कागद पर्समध्ये घातला. दुसऱ्या दिवशी गावात चर्चा सुरू झाली. सरांचे दोन जुने विद्यार्थी समारंभाला येणार नाही म्हणाले. समितीच्या चिटणीसांनी सरांकडे खुलासा मागितला. सर म्हणाले, "खुलासा केला की बाई कोण हे लोक शोधून काढतील." आणि गप्प राहिले. ते गप्प राहिले याचाच पुरावा करण्यात आला.

नंतर बाई लेकीकडून परतल्यावर आम्ही त्यांच्याकडे गेलो. त्या मेथीच्या जुड्या बांधत होत्या आणि बोलताना हात थांबला नाही.

"मी सांगतलं थे खरंच हाय, मास्तर. पण थो मानूस आता माह्याच हातची भाकर खाते. कागद मले देऊन टाका."

सरांनी लगेच होकार दिला. मग मी गावातली चर्चा त्यांना सांगितली. सर माझ्यावर चिडले. "हे तिले कायले सांगतेस?"

"कावून नाही सांगा?" बाई म्हणाल्या. "माह्यापायी तुमी एक डाव केस हरले. आता नाव बी हरता काय? वकीलबाई, लिवून टाका का कागद बाईनं नेला. कोनती बाई, थे नोका लिवू."

मग जुडी खाली ठेवून त्यांनी सरांना तो एकदा वाचायला सांगितला. सरांनी चष्मा पुसला आणि सगळा जबाब वाचला. बाई म्हणाल्या, "बरोबर हाय." कागदाची घडी पदराच्या टोकाला बांधली आणि आम्हाला मेथी दिली.

वरचा मजकूर मी बाईंना फोनवर वाचून दाखवला आहे. त्यांनी दोन वाक्ये काढायला लावली, ती काढली.

सरांनी आता डॉक्टरांचे ऐकावे आणि गुडघा सांभाळावा, कारण त्यांच्या दारात लोक अजून जबाब घेऊन येतात आणि यापुढेही पुष्कळ वर्षे यावेत, अशी माझी इच्छा आहे. ते वाचून दाखवायला सर असावेत, आणि सरांना दटावायला काकू.

ग्रंथालयाच्या स्वाधीन केलेल्या कागदांची नोंद अशी: वर्गातल्या व्याख्यानांची टिपणे, तुरुंगातल्या अर्जांच्या नकला, 'पराभव' असे लिहिलेले सर्व गठ्ठे, आणि विजयाचे एक पाकीट, मालकांच्या संमतीने दिलेले जबाब, सीलबंद पाकीट एक, अटीसह. शेवटी एक रिकामे पाकीट, नाव खोडलेले. रिकामे कशाला नोंदवायचे, असे ग्रंथपालांनी विचारले. सरांनी पेन मागून घेतले आणि समोरच्या रकान्यात स्वतः लिहिले: ठेव परत केली. वाचून दाखवली. बरोबर.