कोकणात गाद्यांना ऊन

“अहो विहीणबाई, पाऊस आला! गाद्या आत घ्या!” माझ्या अक्काची सासू रत्नागिरीत अशी ओरडली, की ते इकडं बीडकडं आमच्या वडवणीच्या बाजारात ऐकू गेलं असणार.

आज आमच्या माळवदावर गादी उलटली, तापलेल्या कापसाचा वास आला आन् तीच आरोळी कानात घुमली. अक्काच्या घरी भिंतींना बुरशी, उशांना बुरशी. दोन दिवसांत माझ्या मिशीलाही फुटली. फिनेलनं पुसलं की अक्काचं तान्हं खोकायचं, आणि सासू काही मायलेकरांना माहेरी धाडंना. मग आईच कडुलिंबाचा पाला, राखेचं पोतं नि मला घेऊन चालून गेली. राखेनं घासलं, पाल्याच्या पाण्यानं पुसलं, शेवटी घरातली गादी न् गादी ऊन दाखवायला अंगणात काढली. मी दारात येरझारा घालत आभाळाकडं बघतोय, आई मात्र ढिम्म. गाद्या भिजून म्हशी झाल्या.

तवा लई हसलो. आता वाटतं, ते ढग आईला माझ्याआधी दिसले होते.

“आता सुनेला नि बाळाला कशावर निजवू?” सासू कडाडली.

आईनं पदर खोचला. “ऊन हाय तिकडं नेते दोघांला.”