नऊ नावांचा डबा

मागच्या दिवाळीच्या आधी आमच्या पडेगावच्या कॉलनीत बातमी उठली, की संध्या पगारेचं लग्न ठरलं. बावन्नाव्या वर्षी! बातमीला पुरावा होता. पांढऱ्या गाडीतून इस्त्रीचे शर्ट घातलेले चार पुरुष उतरले. एकाच्या हातात पेढ्यांचा पुडा, दुसऱ्याच्या हातात शाल आणि नारळ. अर्धा तास दार बंद. बाहेर आले तेव्हा एकानं टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी उराशी धरलं होतं आणि संध्या दारात उभी राहून हसत होती. ती हसत होती, एवढीच खरी बातमी. बाकीचं लग्न आम्ही लावलं. खोटं कशाला सांगू, सुरुवात माझीच. समोरच्या कडूबाईनं तर मांडव कुठं घालायचा तेही ठरवून टाकलं.

संध्याकाळी मी साखर मागायच्या निमित्तानं आत घुसले.

"काय गं, पोरगा काय करतो?"

"कोणता पोरगा?"

"गाडीतला."

"वहिनी, ते आमच्या कॉलेजचे सर. डबा न्यायला आलते."

घ्या. वरात निघायच्या आधीच मोडली. मी चार पेढे खाल्ले आणि साखर न घेता घरी आले.

त्या डब्याची गोष्ट सांगायची तर आधी संध्याची सांगावी लागते, आणि ती काही फार लांब नाही. आयटीआय झाली आणि पैठण रोडच्या एका टीव्हीच्या कारखान्यात लागली. तिथं पोरी ओळीनं बसून सोल्डरिंग करायच्या, त्यात हिचा हात सगळ्यांत स्वच्छ. कारखाना बंद पडला, पोरी पांगल्या. संध्याला एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात लॅब असिस्टंटची नोकरी मिळाली. विद्यार्थ्यांनी जाळलेलं दुरुस्त करायचं, आणि सरांनी जाळलेलं गुपचूप दुरुस्त करायचं. वडील लवकर गेले, पाठीला भाऊ-बहीण नाही. घरात ती आणि तिची आई आशाबाई. स्थळं यायची तेव्हा ही सांगायची, "आईला संगं आणीन." स्थळं चहा पिऊन उठायची.

आता आशाबाईही नाहीत. आमची भिंत एक, म्हणून मला सगळं कळतं. ही रोज टीव्ही लावते, पण आवाज बंद. एकदा मी म्हटलं, "अगं, मुकी मालिका बघतीस व्हय?" तर म्हणाली, "कारखान्यात चाळीस टीव्ही एकदम चालू असायचे, आवाज बंद ठेवून. चित्र तेवढं बघायची सवय लागली." पौर्णिमेला विहारात जाते, मागच्या ओळीत बसते आणि सगळ्यांच्या आधी निघते. भाजीवाला तिला लांबून येताना बघितलं की न विचारता पाव किलो तोलून ठेवतो.

आशाबाई शेवटच्या दुखण्यात अकरा दिवस दवाखान्यात होत्या. त्या वॉर्डात दर खाटेपाशी आळीपाळीनं बसायला माणसं. सून गेली की जावई, जावई गेला की पुतण्या. सलाईन संपत आली की सिस्टरला हाक मारायचं काम त्यांचं. आशाबाईंजवळ मात्र एकटी संध्या. मी दुपारी जेवण घेऊन जायचे आणि तासभर बसायचे. उरलेले तेवीस तास तिचे. तिसऱ्या दिवशी ती तोंड धुवायला म्हणून उठली, तेवढ्यात बाटली रिकामी झाली आणि नळीत रक्त चढलं. आशाबाईंना त्यानं काही झालं नाही. पण पोरगी त्या नळीकडे बघत बसली ती बसलीच, जेवण तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी माझ्या तासात ती घरी जाऊन आली. येताना हातात मसाल्याचा जुना प्लास्टिकचा डबा. आत वजनाच्या हातकाट्याची स्प्रिंग, एक बटण आणि घराच्या दारावरची चिमणीची बेल. डब्याखालच्या हुकाला सलाईनची बाटली टांगायची. बाटली हलकी झाली की स्प्रिंग वर सरकते, बटण दाबलं जातं आणि चिमण्या ओरडायला लागतात. बाटली संपायच्या आधी, बरं का.

"दाराची बेल काढून आणलीस?" मी विचारलं.

"वाजवतंय कोण? तुम्ही तर लाथ मारून आत येता."

त्या दुपारी मी तासावर थांबले. चिमण्या ओरडल्या तेव्हा सिस्टर खिडकीतून पाखरू आलं म्हणून बघायला धावली. वॉर्डभर हशा. आणि संध्या खाटेशेजारी वर्तमानपत्र अंथरून दोन तास झोपली. त्या अकरा दिवसांत ती सलग झोपलेली मी तेवढीच बघितली. उठल्यावर तिनं मोबाईलवर एक फोटो काढला. आई, बाटली, डबा आणि मागं भिंतीवरचं कॅलेंडर. आईचा शेवटचा फोटो तोच.

तो फोटो तिनं पुढं कधीतरी कॉलेजात दाखवला, विभागप्रमुख इंद्रजीत सरांना. हल्ली प्राध्यापकांना बढतीसाठी पेटंट लागतं. पेटंट म्हणजे, ही वस्तू आम्ही काढली, अशी सरकारदरबारी नोंद. मला हे संध्यानं समजावून सांगितलं. मी कॉलनीत सांगितलं ते जरा निराळं होतं. त्यात अमेरिका आली होती. तर त्या चार जणांत एक हे इंद्रजीत सर. शाल देऊन म्हणाले, "पगारे मॅडम, तुमचं नाव पहिलं." बावीस वर्षांच्या नोकरीत तिला कुणी मॅडम म्हटलं नव्हतं. सरांना द्यायला तिनं आपलं नाव इंग्रजीत, मोठ्या अक्षरात कागदावर लिहिलं, आणि द्यायच्या आधी माझ्याकडे आणलं. "वहिनी, स्पेलिंग बघा बरं." मला काय कळतंय? तरी मी चष्मा लावून बघितलं.

एप्रिलमध्ये कॉलेजच्या व्हरांड्यात सोनेरी चौकट लागली. पेटंटचा अर्ज सरकारी पत्रिकेत छापून आला होता, त्याची. खिळा ठोकायला बोलावलं कुणाला? संध्यालाच. खिळा ठोकला, चौकट टांगली आणि मग तिनं वाचलं. नऊ नावं होती. इंद्रजीत सर, त्यांच्या मिसेस, फुलंब्रीला कॉमर्स शिकवणारे त्यांचे मेव्हणे, असे नऊ जण. संध्या नव्हती.

"सर, माझं?"

"पुढच्यात टाकू. ह्यात जागा संपली."

जागा बसमध्ये संपते हे मला ठाऊक होतं. कागदावर संपलेली मी पहिल्यांदा ऐकली.

पुढची दोन पेटंटंही निघाली. डबा मात्र तोच! दुकानात मोबाईलवरून पैसे जमा झाले की चिमण्या ओरडणार, ते डिजिटल पेमेंटचं. चौकात गाड्या तुंबल्या की ओरडणार, ते वाहतुकीवर नजर ठेवायचं. फोटो काढताना वरचं स्टिकर तेवढं बदललं. नावंही तीच नऊ, कुणी रुसू नये म्हणून क्रम फिरवलेला. संध्या कुठंच नाही.

त्या दिवसांत तिची थट्टा करूनही उपयोग नव्हता. मी भिंतीवर ठोकून विचारायचे, "हाईस का?" खिडकीत टीव्हीचा उजेड तेवढा हलत असायचा.

जूनमध्ये कॉलेजची तपासणी करायला बाहेरगावची समिती आली. त्यांना पेटंटच्या वस्तू चालताना बघायच्या होत्या. तीन पेटंटं, तीन टेबलं आणि डबा एक. मग युक्ती निघाली. समिती पहिल्या टेबलावरून हलली, की संध्यानं पडद्यामागून डबा दुसऱ्या टेबलावर न्यायचा, स्टिकर बदलायचं, मग तिसऱ्यावर. दोन टेबलं निभावली. तिसऱ्यावर समितीतल्या एक बाई वाकून म्हणाल्या, "वाहतुकीच्या यंत्राला सलाईनचा हुक कशाला?"

इंद्रजीत सर म्हणाले, "ॲम्ब्युलन्ससाठी, मॅडम."

बाईंनी हुक ओढून बघितला आणि आतली स्प्रिंग निसटली. नऊच्या नऊ जणांनी डब्याकडे बघितलं. मग नऊच्या नऊ जणांनी संध्याकडे. डबा मांडून ती पाणी द्यायला पुढं आली होती. तिनं हातातला पाण्याचा ट्रे खाली ठेवला, डबा उघडला आणि दोन मिनिटांत चिमण्या ओरडल्या.

"तुमचं नाव कितवं?" बाईंनी विचारलं.

"नाय."

"नाय म्हणजे?"

संध्यानं त्यांना मोबाईलमधला फोटो दाखवला. बाईंनी फोटो मोठा करून कॅलेंडरवरचा महिना वाचला. जाताना हळूच म्हणाल्या, "पेटंट अजून मिळालेलं नाही, नुसता अर्ज छापून आलाय. नाव घालून घ्यायला तुम्ही स्वतः अर्ज करू शकता."

झालं. संध्यानं उस्मानपुऱ्यातल्या दुकानात पत्र टाइप करून घेतलं आणि फोटो जोडून रजिस्टर पोस्टानं मुंबईच्या पेटंट कार्यालयाला पाठवलं. माझ्या पोटात काही राहत नाही हे साऱ्या कॉलनीला ठाऊक आहे, पण हे मी आठ दिवस ठेवलं.

नवव्या दिवशी मुंबईहून कॉलेजात विचारणा आली आणि ती पांढरी गाडी पुन्हा दारात. ह्या खेपेला इंद्रजीत सर एकटेच. मी आधीच आत बसले होते आणि उठायचा माझा विचार नव्हता.

"मॅडम, घरातलं भांडण मुंबईला नेलंत?" सर म्हणाले. त्यांनी कागद पुढं केला. 'गैरसमजातून पत्र पाठवलं, ते मागं घेते.' खाली सहीची जागा. वर पेन ठेवलं.

संध्यानं कागद शेवटपर्यंत वाचला.

"जुलैत तुमच्या नोकरीची मुदत वाढवायची आहे. तो कागद माझ्याच टेबलावरून जातो."

"ठावं हाय, सर."

"मग? पुढच्या वर्षी सत्कार करू. मोठा करू."

"शाल हाय एक. घडी मोडली नाय अजून."

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे. मग त्यांनी आवाज मऊ केला, आणि माणूस आवाज मऊ करतो तेव्हा सांभाळावं. "राग मानू नका, सरळ विचारतो. आम्हा नऊ जणांच्या बढत्या आहेत, पोरंबाळं आहेत. तुम्हाला ना पुढं कुणी, ना मागं. त्या नावाचं तुम्ही करणार काय?"

शेजारच्या खोलीत टीव्ही चालू होता, नेहमीसारखा मुका. संध्यानं पेन उचललं, त्याला टोपण लावलं आणि कागदासकट सरांच्या हातात परत दिलं.

"सर, तुमचं नाव तुमची पोरं लावतील," ती म्हणाली. "माझं नाव लावणारं कुणी नाय, म्हणूनच ते कागदावर पायजे."