सई आमच्याकडे का आली नाही

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे हात जोडतानाही हा विषय मी शिताफीने टाळत आलो आहे. मग तुम्हालाच का सांगतोय? — बहुधा तुम्ही माझ्या घरी कधी जेवायला येणार नाही म्हणून. माझा धीटपणा एवढाच.

दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षं. सिंगापुरात क्लेमेंटीला आमचा फ्लॅट होता. मी जुरोंग आयलंडवरच्या एका केमिकल प्लँटवर इन्स्पेक्शन इंजिनियर, माधवी एका बँकेत अकाउंट्सला. मूल नव्हतं. नोव्हेना भागातल्या डॉक्टरांकडे खेटे घालून माधवी थकली आणि एका रविवारी चहा गाळता गाळता म्हणाली, आता पुरे, आपण मूल दत्तक घेऊ या. मी हो म्हटलं. हो म्हणताना माझ्या मनात काय होतं — ते सांगतो, पण जरा दम धरा. ते मला अजून नीट तोंडातून काढता येत नाही.

महाराष्ट्रातल्या एका संस्थेतली मुलगी आम्हाला मिळाली. अजून वर्षाचीही नव्हती. माधवीने तिचं नाव सई ठरवून टाकलं, नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणून माझ्या बहिणीची फोनवर रीतसर परवानगीही घेतली. तिकिटं काढून झाली, रजा मंजूर झाली. तिकडे जाऊन कोर्टाचं काम उरकायचं आणि लेकीला घेऊन परत यायचं, एवढंच उरलं होतं.

ते शेवटचे दिवस — काय सांगू? माधवी जमिनीवर नव्हतीच. जुन्या साड्यांची दुपटी शिवून, धुऊन तिने स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेरच्या बांबूंवर वाळत घातली. शेजारच्या चिनी आंटीने लिफ्टपाशी मला अडवून विचारलं, "वाह, बेबी कमिंग ऑलरेडी अह?" मी हसलो. लोकांसमोर हसणं मला छान जमतं.

इथल्या आम्हा मराठी मंडळींत एक सागवानी पाळणा फिरता आहे. एका घरचं मूल मोठं झालं की तो पुढच्या घरी जातो. इतकी वर्षं आम्ही तो दुसऱ्यांच्या घरीच पाहिला होता. त्या आठवड्यात तो आमच्याकडे आला. सांगलीहून माझ्या आईने फोनवर बजावलं, "बाळ घरात आल्याशिवाय पाळणा उभा करू नका गं. आणि रिकामा पाळणा तर मुळीच हलवू नकोस, माधवी." माधवी म्हणाली, "बरं आई," आणि फोन ठेवल्यावर हसत हसत पाळणा उभा केला. एक कडी कुरकुरत होती. तिने तिला खोबरेल तेल लावलं आणि कुरकुर गेली का ते बघायला हलकेच झोका दिला. मी दारात उभा होतो. तिचं माझ्याकडे लक्षही नव्हतं, इतकी ती खूश होती.

दुसऱ्याच दिवशी संस्थेचा फोन आला. आमच्या प्लँटवर मोबाइल नेऊ देत नाहीत, म्हणून मी ऑफिसचा नंबर दिला होता. माधवीचा का दिला नव्हता? असली कामं मी बघतो, हा तोरा — दुसरं काय! संस्थेच्या बाई सरळ बोलल्या. मुलीला एका कानाने ऐकू येतं की नाही अशी शंका आहे, तपासणी व्हायची आहे, तुमच्यापासून लपवायचं नाही म्हणून कळवते. "तुम्ही दोघं बोला आणि मग सांगा," त्या म्हणाल्या.

आम्ही दोघं बोललो नाही. मी तिथल्या तिथे नाही म्हणून टाकलं. शंका आली की व्हॉल्व्ह परत पाठवायचा, हे माझं रोजचं काम. ते इतकं अंगवळणी पडलेलं की जीभ अडखळलीसुद्धा नाही.

संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये बसून मी खोटं रचलं. घरी येऊन सांगितलं, सईच्या आईची आई आली आणि तिला घेऊन गेली. माधवी ओट्याला टेकून खाली बसली. मग म्हणाली, "बरं झालं. रक्ताचं माणूस मिळालं पोरीला." आणि रडली. माझ्या खोट्या आजीसाठी तिने बरं झालं म्हटलं — ऐकताय ना?

इथेच थांबलो असतो तर मी नुसता भित्रा ठरलो असतो. पण दुसऱ्या दिवशी माधवीच्या मनात आलं, दुपटी आणि झबली त्या आजीकडे पाठवावीत. पत्ता विचारायला ती संस्थेला फोन लावायला निघाली. तो फोन लागला असता तर माझं खोटं तिथेच उघडं पडलं असतं. फोन हातात धरूनच तिने मला विचारलं, "मी रिकामा पाळणा हलवला म्हणून का रे गेली ती?"

वेडी आहेस का, एवढं म्हणायला काय लागत होतं? मी म्हणालो, "आई सांगत होती ना तुला."

तिने फोन खाली ठेवला. मला तेच हवं होतं. हे मी रागात बोललो नाही, दुःखात तर नाहीच. नीट विचार करून बोललो. शेजारची आंटी त्या आठवड्यात "नेव्हर माइंड, नेक्स्ट टाइम लाह," म्हणत संत्री देऊन गेली, तीही मी सोलून खाल्ली.

आणि अजून एक उरलंय. काही आठवड्यांनी त्या बाईंचा पुन्हा फोन आला. कान ठणठणीत आहे, सर्दीने भरला होता एवढंच. मुलगी इथेच आहे, विचार बदलला असेल तर या.

खोटं तर मी आधीच बोललो होतो. आजीने परत आणून सोडलं, इतकं आणखी एक वाक्य बोलायचं होतं. माधवी मिळेल त्या विमानाने गेली असती. मी म्हणालो, आमचा निर्णय झालाय. कारण कान हे कारण नव्हतंच. मला दुसऱ्याचं मूल नको होतं. माधवीला हो म्हणताना मी धरून चाललो होतो की हे कुठेतरी अडकेल — कागदांत, कोर्टात, कुठेही — आणि नाही म्हणायची पाळी माझ्यावर येणार नाही. काही अडकलंच नाही. कानाचं ऐकलं तेव्हा मला वाईट वाटलं नव्हतं. सुटलो, असं वाटलं होतं. त्या दुपारी कँटीनमध्ये मी पोटभर जेवलो.

सई पुढे कुठे गेली, कुणी तिला नेलं की नाही, मला ठाऊक नाही. मी कधी विचारलं नाही.

आम्ही अजून त्याच फ्लॅटमध्ये राहतो. मंडळींत कुणाकडेही बारसं असलं की घुगऱ्या माधवीच करते. पण नाव ठेवताना ती कधी खोलीत नसते. लोकांना वाटतं, मूल नाही म्हणून तिला बघवत नसेल. तसं नाही. आपल्या हाताने दुसऱ्याच्या बाळाला काही होऊ नये म्हणून ती लांब राहते. उद्या एका नव्या जोडप्याकडे बारसं आहे. मघाशी हरभरे भिजत घालताना ती म्हणाली, "तू हो पुढे. त्यांचं नाव ठेवून होऊ दे, मग मी डबा घेऊन येते."

मी बरं म्हटलं.