जोडला कान, राहिलं तोंड

सांगून सांगून घसा सुकला, पण एक मेलं माणूस विश्वास ठेवील तर शपथ! चूक कॉम्प्युटरची होती. माझी नव्हती. ऐका आणि तुम्हीच सांगा.

आमची मानसी मुंबईत नोकरीला. तिने लांज्याचा मुलगा स्वतःच पसंत केला. आता त्याच्या आईशी व्हिडिओवर बोलायचं होतं मला. मानसीने तिचा जुना लॅपटॉप घरी ठेवलेला, त्यात विंडोजच्या जागी कसलीशी फुकटची लिनक्स घातलेली. का? तर त्यात सगळं मराठीत दिसतं आणि आई चौथी शिकलेली! केवढे उपकार!

वर बिनवायरचा हेडफोन, तोंडापुढे बोलायची दांडी असलेला. त्याचं नाव काय ठेवलंन? ‘आईचा कान’!

फोनवरून शिकवत होती. “आई, ‘आईचा कान’ दिसतंय? ‘जोडा’ दाब.”

दाबलं. जोडला कान.

“आता ‘आवाज आत’ कुठून घ्यायचा ते निवड.”

“कुठून म्हणजे? आवाज काय नाकातून आत जातो? कानातूनच जातो ना? तो जोडला. ठेव फोन!”

“आई, मला मुलगा आवडलाय. तोंड सांभाळ.”

बघा! पोटच्या पोरीचा विश्वास!

विहीणबाई स्क्रीनवर आल्या. पहिलंच वाक्य, “आमच्याकडे मोदक मीच करते. सुनेने आधी बघून शिकायचं.”

मी गोड हसले. हेडफोन काढून हातात धरला आणि ह्यांच्याकडे वळले. “ही बाई बोलते की एसटीचा हॉर्न वाजवते? आणि मागचा तो पडदा बघा! आमची पायपुसणी बरी.”

“अगो, हळू! ऐकतील ना!”

“कशा ऐकतील? बोलायची दांडी माझ्या हातात आहे, तोंडाशी नाही. त्या हातांनी मोदकाला पाकळ्या पडत असतील होय? बटाटेवडे दिसत असतील!”

तिकडे विहीणबाई दोन्ही हात हलवायला लागल्या.

“बघा, टाटा करतायत. बाई प्रेमळ आहे हो, अक्कल जरा कमी.” मीपण हात हलवला. त्यांनी आणखी जोरात हलवला. मीपण!

मग हेडफोन कानाला लावला.

“...कधीची सांगत्ये, सगळं ऐकू येतंय हो, शालिनीताई! पडदा माझ्या माहेरचा आहे. आता रविवारी हा एसटीचा हॉर्न तुमच्याकडे जेवायला येतोय. मोदक तुम्ही करा. पाकळ्या मी बघते.”

‘आवाज आत’ म्हणजे कॉम्प्युटरच्या आत, हे मला कोण सांगणार? तो मेला लॅपटॉप स्वतःच्याच पोटातल्या माइकने सगळं ऐकत होता! कानावर काय आहे, हातात काय आहे, त्याला काय त्याचं!

लग्न ठरलं, ते माझ्या मोदकांमुळे. पण साखरपुड्याला जो तो मलाच हसतोय. मी म्हटलं, चूक लिनक्सची. मग म्हटलं, मानसीची. कोण ऐकतंय! शेवटी विहीणबाईंनी ह्यांना नाव घ्यायचा आग्रह केला. जन्मात माझ्यापुढे तोंड न उघडलेला हा माणूस, उठला आणि खणखणीत म्हणाला,

“लांज्याला पोचला आवाज, लॅपटॉप होता चालू,
कान तेवढा जोडून बसली, तोंड सोडून... शालू!”