दहा बरोबर दहा

चष्मा कपाळावर सरकवायचा, समोरच्याचं सगळं ऐकून घ्यायचं आणि मग शांतपणे विचारायचं, "दुसऱ्याले विचारलं काय?" आमच्या कारखान्याच्या लॅबमधल्या काकांचं हे रोजचं होतं. भट्टीवरचा माणूस सांगायला यायचा की माल तयार आहे, तर काका त्यालाही हेच विचारणार. रोज संध्याकाळी घरी जाताना उतईची गाडी हीच ना, हे ड्रायव्हरला विचारायचं आणि वर आत बसलेल्या बाईलाही विचारायचं. जन्म उतईत काढलेला माणूस!

तुमच्याही कामाच्या जागी असा एखादा असेल बघा. सगळे त्याला हसतात आणि अडलं की त्याच्याकडेच जातात. मीही पोटभर हसून घेतलं. मग माझंच अडलं.

आमचा कारखाना हिंदी मुलखातला, लहानसाच, लोखंड ओतायचा. माझा नवरा तिथं भट्टीवर होता. तो आजारपणात गेला आणि मालकांनी मला लॅबमध्ये नमुने फोडायला, डबे धुवायला घेतलं, पण टेंपररी. दोन वर्षांत दहावी झालात तर पक्कं करू, असं मॅनेजर म्हणाले. मी गोंदियाकडच्या आमच्या गावात नववीपर्यंत शिकलेली. ओपन स्कूलचा फॉर्म भरला, बाकीचे विषय निघाले आणि गणितात दोनदा आपटले. आता एकच संधी उरली होती. ती गेली की पोरीला घेऊन भावाच्या दारात, आणि माझ्या वहिनीचा स्वभाव मला चांगला ठाऊक आहे.

नेहरू नगरला एका कोचिंग क्लासात विचारायला गेले, तर काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "बच्चे का एडमिशन है?" म्हटलं, "मेरा है." तिनं आतून दुसरीला बोलावलं आणि दोघी मला बघत बसल्या. मी तशी तापट बाई, चपला फाडफाड वाजवत परत आले आणि लॅबमध्ये डबे आपटायला लागले.

"कावून डबे आपटून राहिली, बाई?" काकांनी विचारलं.

"मले गणित येत नाही म्हून! ते दोन समीकरणाचं त डोक्यातच घुसत नाही."

"रोज त तुह्यासमोर होऊन राहिलं ना ते," काका म्हणाले आणि मला खिडकीपाशी घेऊन गेले. बाहेर कच्च्या लोखंडाचे दोन ढीग होते. "हा ढीग पाह्य. याच्या टनाले कार्बनचे चार भाग. त्याच्या टनाले एकच. भट्टीत टाकाचे दहा टन, अन् भाग पाह्यजे एकतीस. याचं किती घेशीन, त्याचं किती?"

दीड वर्ष मी काकांना रोज कागदाच्या चिठोऱ्यावर काहीतरी खरडताना बघत होते. मला वाटायचं, या माणसाला अनुभवानं कळत असेल. तो समोर बसून माझाच सिलॅबस सोडवत होता!

"पाच-पाच घेऊ," मी म्हटलं.

"दहा टन झाले. पण भाग पंचवीसच."

"मंग सहा अन् चार."

"अठ्ठावीस. असा अंदाज करत बसशीन त भट्टी थंडी होऊन जाईन." काकांनी लोखंडी कपाटाच्या दारावर खडूनं लिहिलं. एक्स अधिक वाय बरोबर दहा. खाली, चार एक्स अधिक वाय बरोबर एकतीस. "एकानं वजनाचं सांगतलं, एकानं कार्बनचं. दोघाईचं एकदम ऐकाचं."

पद्धत सांगून ते जेवायला बसले. मी पहिल्या ओळीतून वाय काढला, दहा वजा एक्स. तो पुन्हा पहिल्याच ओळीत टाकला. एक्सला एक्स उडाला आणि खाली राहिलं दहा बरोबर दहा. मी तर ओरडलेच, "काका, जमलं! दहा बरोबर दहा!" बाजूच्या खोलीतले लोक धावत आले.

काकांनी बघितलं, चष्मा वर सरकवला आणि खांदे गदगदा हलेपर्यंत हसले. "अवो, ज्यानं सांगतलं त्यालेच विचारून राहिली! तो त हो म्हननच. दुसऱ्याले विचार ना!"

एवढ्या लोकांत मला हसले म्हणून माझं टाळकं सरकलं. मी खडू फेकला. काकांनी तो उचलला, पुसला, माझ्यासमोर ठेवला आणि पुन्हा डब्याकडे वळले. दुसऱ्या दिवशी मीच गुपचूप वाय खालच्या ओळीत टाकला. एक्स आला सात, वाय आला तीन. काकांच्या चिठोऱ्यावरही सात आणि तीनच होते.

मग चार महिने रोज जेवणाच्या सुट्टीत आमची शाळा. काका उभ्या उभ्या दोन पोळ्या संपवायचे, म्हणजे माझा वेळ जायला नको. ते त्याच महिन्याअखेर रिटायर होणार होते, ज्या महिन्यात माझी परीक्षा होती.

पेपरच्या दिवशी काका सुट्टी घेऊन शाळेच्या फाटकाशी हजर. मी बाहेर आले तसं, "कसा गेला" वगैरे काही नाही, सरळ "पेपर दाखव." सिविक सेंटरच्या टपरीवर चहा घेता घेता त्यांनी पाच मार्कांचं समीकरण सोडवायला घेतलं. तीन एक्स वजा दोन वाय बरोबर चार, दोन एक्स अधिक वाय बरोबर पाच. भराभर सोडवलं आणि म्हणाले, "एक्स वजा चौदा, वाय तेहेतीस. हेच ना?"

मी लिहिलं होतं दोन आणि एक. काका पडताळा घेत होते, "वजा अठ्ठावीस अधिक तेहेतीस, पाच. झालं बरोबर." माझ्या डोळ्यांसमोर वहिनी येऊन उभी राहिली.

कुठून हिंमत आली देव जाणे. म्हटलं, "काका, वाय तुमी यातूनच काढला ना? मंग हे हो म्हननच. दुसऱ्याले विचारलं काय?"

काका थांबले. वजा चौदा आणि तेहेतीस वरच्या ओळीत टाकले. चारच्या जागी वजा एकशे आठ! माझे टाकले. सहा वजा दोन, चार. कंस सोडवताना काकांचं एक चिन्ह चुकलं होतं.

दुसरा कोणी असता तर कागद चुरगळून खिशात घातला असता. काका उठले आणि चहावाल्याला म्हणाले, "सुनो भाई, इसने आज मेरी गलती पकडी!" शेवटचा आठवडा त्यांनी अख्ख्या कारखान्याला हे सांगण्यात घालवला. मी लाजेनं अर्धी झाले. मला म्हणाले, "आता तुले मी लागत नाही."

लागत होते हो, काका. पण रिटायर होऊन महिनाही झाला नाही तोच झोपेतच ते गेले. निकाल त्यानंतर लागला. मी पास झाले, पक्की झाले. माझ्या पोरीच्या ताटात आज जे पडतं, ते त्या माणसानं उभ्यानं जेवून मिळवून दिलेलं आहे, हे मी कुणालाही छातीठोक सांगेन.

मार्कशीट घेऊन मी उतईला काकूंकडे गेले. काकूंना वाचता येत नाही. त्यांनी कागद आधी बुद्धाच्या मूर्तीपुढे, मग काकांच्या फोटोपुढे ठेवला. मग विचारलं, "याच्यात गणित कोनतं?" मी बोट ठेवलं. "किती हाय?"

"एकेचाळीस."

"एवढेच?" काकूंचा चेहरा पडला. "हे त गावभर साठ पडतीन म्हून सांगत फिरले."

मी आधी हसले, आणि मग काकूंच्या गळ्यात पडून जी रडायला लागले ती थांबेचना. काकू घाबरल्या. पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "एकेचाळीसले कावून रडून राहिली वो? पास त झाली ना."