चार बोटं खोल

बयनाबाईचा राग गावाला नवा नव्हता. चहात साखर कमी पडली तरी तिचं डोकं फिरायचं. पण त्या मिरगात ती पेटली होती त्याला कारण होतं. आदल्या दसऱ्याला आदिलाबाद जिल्ह्याचे तुकडे झाले, नवी मंडलं, म्हणजे छोटे तालुके, निघाली, आणि नव्या मंडलाला गोदामासाठी जागा हवी झाली. पैनगंगेकडच्या उतारावरचं गावाचं कुरण साहेबांच्या नजरेत भरलं. दप्तरात ते पोरंबोक, म्हणजे कुणाचंच नाही. गवत चरून चरून विरळ झालेलं, जागोजागी टक्कल पडलेलं. तहसीलदारांनी सांगून टाकलं, पावसाळ्यात हिरवं दिसलं तर चराईला सोडू, नाहीतर गोदाम. जिल्हे वाटत सुटायला जागा पुरते, म्हशीला तोंड घालायला तेवढी पुरत नाही!

"कोनाचंच नाई?" बयनाबाई कडाडली. "मंग माह्या म्हशी काय आभाळात चरतेत?" नवरा गेल्यापासून तिनं दोन म्हशींच्या दुधावर घर ओढलं होतं, आणि म्हशी त्या कुरणावर जगत होत्या.

सरपंच चंपतरावांनी खटपट करून सरकारकडून गवताचं बी आणि ट्रॅक्टरला जोडायचं पेरणीचं मशीन मिळवलं. नांगरायचं नाही, आहे त्या गवतातच चिरा पाडत जायचं आणि त्यात बी सोडायचं, असं ते मशीन. चालवायला पोचन्ना होता, सरकारी रोजंदारीवरचा, बयनाबाईच्या अर्ध्या वयाचा गडी. मराठी त्याला समजे, बोले मात्र हिंदी.

तिफणीच्या चाड्यात मूठमूठ बी सोडत चालणं हे आमच्याकडे बाईमाणसाचं काम, आणि बयनाबाईच्या मुठीची ज्वारी साऱ्या शिवारात नावाजलेली. म्हणून मशीनमध्येही पहिली मूठ तिनंच टाकली. ट्रॅक्टर दहा पावलं गेला तशी तिनं वाकून चिरेत बोट घातलं. बी वरच्या वरच होतं.

"थांब रे! पेरून राह्यला का पाखरांले जेवू घालून राह्यला?"

"अम्मा, घास का बीज बारीक है," पोचन्ना म्हणाला. "उप्परीच रैना."

"मले शिकवतं? माह्या हातची ज्वारी खाऊन हे गाव मोठं झालं. काळी माती वरून सुकते, ओल चार बोटं खाली असते. कर खोल!"

पोचन्नानं चंपतरावांकडं पाहिलं. चंपतरावांनी मान डोलावली. बयनाबाईच्या पेरणीत खोट काढायची कुणाची छाती? मशीनचे चिरा पाडणारे दाते खाली गेले, आणि सगळं कुरण चार बोटं खोल पेरून झालं.

पाऊस चांगला पडला. गवत काही आलं नाही. गाव मशीनला शिव्या घालत होतं, बयनाबाई सगळ्यांत मोठ्यानं. मग एका सकाळी तिनं विळ्यानं माती उकरली. खाली पांढरे कोंब होते, वर यायच्या धडपडीत वाकडे होऊन कुजलेले. बांधाशी, मशीन वळताना दाते उचलले जात तिथं मात्र बी वरच सांडलं होतं, आणि तेवढी कड हिरवीगार झाली होती. तिनं कोंबाच्या खड्ड्यात बोटं घालून पाहिली, बरोबर चार भरली. घरी येऊन ती सुनेवर ओरडलीसुद्धा नाही.

तहसीलदार पाहणीला आले तेव्हा पोचन्नालाही बोलावलं होतं. चंपतराव पुढं झाले. "साहेब, या मशीनवाल्यानं बी खोल गाडलं. गावाची काई चूक नाई."

"तसं असेल तर याला कामावरून काढतो," तहसीलदार म्हणाले. "तुम्हाला आणखी एक पावसाळा मिळेल."

गावानं माना डोलावल्या. बयनाबाईनं फक्त गप्प राहायचं होतं, की कुरण वाचत होतं. पोचन्ना खाली बघत उभा होता. त्याच्या त्या गप्प बसण्याचाच तिला भयंकर संताप आला.

"तोंड काऊन पाडलं रे? सांग नं, या म्हातारीनं कराले लावलं म्हनून!"

तो मान हलवत मागंच सरकला. मग तीच साहेबांसमोर जाऊन उभी राहिली. "खोल म्या कराले लावलं. हा नाईच म्हनत होता. हे सारे उभे होते तती, इचारा! आता बोला नं, दातखीळ बसली काय?"

"म्हणजे चूक गावाचीच," म्हणत तहसीलदारांनी कागद मिटला. आठवड्याच्या आत कुरणात हद्दीचे दगड रोवले गेले.

"आता म्हशीयले हे तुह्यं खरं बोलनं खाऊ घाल," नळावर शेजारच्या राहीबाईनं सुनावलं. बयनाबाई अर्धीच भरलेली घागर उचलून चालती झाली. पुढच्या बाजाराला तिनं दोन्ही म्हशी नदीपलीकडं नेऊन विकल्या आणि रिकामी दावी खांद्यावर टाकून परत निघाली.

वाटेत पोचन्नाचा ट्रॅक्टर थांबला. "अम्मा, बैठो. घर छोडता."

"नाई बसत!" ती ओरडली. "तू काऊन ऐकलं माह्यं? तुले ठावूक होतं नं? मंग काऊन ऐकलं?"

"तुम बडे थे, अम्मा," तो म्हणाला.

ती रस्त्यातच उभी राहून रडायला लागली.