तीनशे माणसांची मासवडी

लंकाबाईच्या हातची मासवडी खाल्लेला माणूस मंचर-कळंबच्या पट्ट्यात शोधावा लागत नाही. साखरपुडा असो नाहीतर वास्तुशांत, तिला बोलावणं ठरलेलं. पण तिच्या अंगी आणखी एक गुण होता, आणि त्याचं कौतुक कुणालाच नव्हतं. वाडीच्या वर डोंगरात, खडकाच्या फटीत एक झरा होता. दरवर्षी चैत्रात काटकुळी लंकाबाई त्या फटीत पालथी सरपटत जायची आणि मुठीमुठीने गाळ उपसायची. म्हणून खालच्या विहिरीला मे महिन्यातही पाणी असायचं. विहीर आपोआप भरते असं समजून गडीमाणसं निवांत अंघोळी करायची.

मग गॅसची पाइपलाइन आली. आधी तिचा अहवाल आला. लंकाबाईची सून नूतन शिकलेली. तिने तो ग्रामपंचायतीत बसून वाचला. मार्गात बारमाही पाण्याची जागा आढळली नाही, असं त्यात छापलं होतं, आणि चर खोदायचा होता नेमका झऱ्यावरून, सुरुंग लावून. जनसुनावणीत माईकवर बोललेलं लिहून घेतात, हे नूतनने सासूला सांगितलं. लंकाबाईने चार वाक्यं पाठ केली. भाकरी थापताना ती म्हणायची आणि स्वतःशीच लाजायची.

सुनावणीच्या दोन दिवस आधी कंपनीचा सुनील आला. शेजारच्याच गावचा पोरगा, आता कंपनीचं ओळखपत्र गळ्यात घालून फिरणारा. साहेब लोक येणार, तीनशे माणसांचं जेवण बचत गटाने करावं, आणि मासवडीच हवी, असं तो म्हणाला. बायका हरखल्या. लंकाबाईही हरखली, खोटं कशाला बोला.

सुनावणी शाळेच्या पटांगणात, चुली शाळेमागे. मासवडीचं काम म्हणजे एकदा हात घातला की सुटका नाही. शिजलेलं बेसन गरम आहे तोवर ओल्या फडक्यावर थापायचं, सारण भरून दुमडायचं. निवलं की त्याला चिरा पडतात. मांडवात गडीमाणसं नोकरीचं आणि भरपाईचं बोलली. मग माईकवरून विचारणा झाली, आणखी कुणाला बोलायचंय का?

"आत्या, जा की," नूतन म्हणाली. "न्हाईतर मी बोलते."

"तू कदी त्या फटीत गेलीस? साहेबानं खूण इचारली तर काय सांगशील?" लंकाबाईचे हात कोपरापर्यंत बेसनात होते. "एवढी कढई उतरू दे. पावणं उपाशी जात्याल."

कढई उतरली तेव्हा टाळ्या वाजून गेल्या होत्या. पंगतीत रस्सा वाढता वाढता तिने साहेबांपुढे चारही वाक्यं म्हणून टाकली. साहेबांनी शांतपणे ऐकलं, आणखी एक वडी मागून घेतली आणि म्हणाले, "ताई, हे तिथं बोलायचं होतं. आता नोंद बंद झाली."

नंतर सुनावणीचा कागद आला. त्यात लंकाबाईचा फोटो होता, हातात रश्शाचा डाव. खाली लिहिलं होतं, महिलांचा उत्स्फूर्त सहभाग. सुनील याच मातीतला. मासवडी टाकून बाईला उठता येत नाही, हे त्याला ठाऊक नव्हतं असं ज्याला मानायचं असेल त्याने खुशाल मानावं.

पौषात सुरुंग उडाले. चैत्रात लंकाबाई सवयीने वर गेली. फटीच्या जागी बुजवलेला चर होता आणि कंपनीचा पिवळा खांब. त्या दिवशी ती डोंगरात बसून रडली. आता वाडीला टँकर येतो.

यंदा सुनील पुन्हा आला. दुसरी लाइन, पलीकडच्या गावात सुनावणी, आणि साहेबांना तीच चव हवी. लंकाबाई लगेच हो म्हणाली. नूतन तिच्याशी दोन दिवस बोलली नाही.

तिथे चुलीवर साळुबाई होती, त्या गावची. त्यांच्या विहिरीवरूनच लाइन जाणार होती, हे तिनेच कोथिंबीर निवडताना सांगितलं. लंकाबाईने तिला आपली सगळी कहाणी सांगितली. माईकवरून विचारणा झाली तशी लंकाबाईने कढईखालची जळती लाकडं बाहेर ओढली.

"ऊठ. आज पावणं उपाशी ऱ्हाऊ देत. तू जा."

साळुबाईने तिच्याकडे पाहिलं, मग कढईकडे. "असं कसं, मावशी? दारात आल्यात." आणि वाकून तिने एकेक लाकूड परत चुलीत सारलं.